सगुणाच्या गालांवरचे फोड

१

सगुणाच्या गालांवर फोड उठले ते रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला, हरिश्चंद्रच्या हॉटेलातून आम्ही परत आल्यावर. सकाळी उठली तेव्हा गाल नुसते लाल होते. "चैत्रातलं ऊन लागलं असेल," असं म्हणून ती हसली होती आणि पदर चेहऱ्यावर ओढून आमच्याबरोबर खायलाही आली होती. घरी येऊन तिने आरसा हातात घेतला आणि तो बराच वेळ खाली ठेवला नाही. मग हळूच म्हणाली, "सावित्री, हे बघ गं काय झालंय."

दोन्ही गाल सुजले होते. कानशिलापासून हनुवटीपर्यंत पाण्याने भरलेले बारीक फोड होते. डावीकडे होते तसेच उजवीकडे.

हे एकोणीसशे चौतीस सालचं. रत्नागिरीत मुलींच्या एका शाळेत आम्ही तिघी शिकवत होतो आणि शाळेमागच्या कौलारू घरात एकत्र राहत होतो. सगुणा लांज्याची. मी सातारकडची, तीन वर्षांपूर्वी इथे आलेली. मी आले त्या दिवसापासून आम्ही दोघी एका खोलीत झोपलो, एका दिव्याखाली वह्या तपासल्या. तिसरी राही. ती जयगडची, मुंबईत मामाकडे राहून शिकलेली. दिवाळीनंतर ती आली आणि पौषापर्यंत सगुणाच्या तोंडी "राही म्हणते" हे दोन शब्द दर तासाला येऊ लागले.

पुढच्या खोलीत आमच्या मुख्याध्यापिका सोनूबाई असत. आरशाची गडबड ऐकून त्या आत आल्या. त्यांनी सगुणाचा चेहरा पाहिला आणि विचारलं, "काल हिच्या तोंडाला कुणी काय लावलं?"

 मग मी म्हणाले, "काल कुंकू लावलं होतं बाई. राहीने आणलेल्या करंड्यातलं. मुंबईचं आहे म्हणे."

एवढंच म्हणाले. पण राहीने माझ्याकडे पाहिलं, आणि ते पाहणं मला साठ वर्षांनंतरही विसरता आलेलं नाही.

२

त्या आधीचं सांगायला हवं.

सगुणाचा वाढदिवस तिथीने त्या शनिवारी येत होता. घरी चूल न पेटवता दोन दिवस बाहेर जेवायचं ही कल्पना राहीची. बायकांनी आपणहून खाणावळीत जाऊन बसायचं, हे तेव्हा कुणी करत नसे. सोनूबाईंनी आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग म्हणाल्या, "गंगुबाईंकडे जा. ती घरची बाई आहे. आणि हरिश्चंद्रकडे पडद्याची खोली आहे, तिथेच बसा."

ठरलं असं. शनिवारी संध्याकाळी गंगुबाईंच्या खाणावळीत माशांचं जेवण. रविवारी सकाळी हरिश्चंद्रकडे शिरा, भजी आणि चहा. दुपारी पुन्हा गंगुबाईंकडे ओल्या काजूगरांची उसळ. सगुणाचा जीव त्या उसळीवर.

राहीने सगुणासाठी शिसवी करंडा आणला होता, आत कुंकू, झाकणात आरसा. मी म्हणाले, "काजूगर माझ्याकडून." शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर मी बाजारात गेले आणि चार वाजता गंगुबाईंच्या स्वयंपाकघरात पातेलंभर गर नेऊन दिले. पालीहून येणाऱ्या बाईकडून सोललेले घेतले, असं मी सगळ्यांना सांगितलं.

संध्याकाळी जेवणाआधी औक्षण झालं. खाणावळीच्या मागच्या खोलीत सगुणाला पाटावर बसवलं. गंगुबाईंच्या हाताखाली स्वयंपाक करणाऱ्या तुळसाने तबक घेतलं आणि अंगठी-सुपारीने ओवाळलं. राहीने नव्या करंड्यातलं कुंकू लावलं, तुळसालाही बोट लावलं आणि स्वतःलाही. मी अलाबला घेतली. सगुणा हसून म्हणाली, "सावित्री अगदी आत्याबाई झाली." गंगुबाई विधवा. त्या पुढे आल्या नाहीत, दाराशी भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

मग पानं मांडली. तळलेला सरंगा आणि बांगड्याचं तिखलं. मला अजून मासा खाता येत नसे. काटा लागेल या धास्तीने मी भातच चिवडत राहायचे. सगुणा दरवेळी तिच्या पानातला तुकडा साफ करून मला द्यायची. त्या दिवशी राहीने सरंग्याचा काटा एका ओढीत काढला आणि तो तुकडा सगुणाच्या पानात ठेवला.

"तू खा गं, उत्सवमूर्ती," राही म्हणाली.

"हिचे हात बघ," सगुणा मला म्हणाली. "काटा कसा सरळ निघतो."

"समुद्रावरची माणसं," मी म्हणाले. "त्यांना दुसरं काय यायचंय."

राही हसली. सगुणा हसली नाही. त्या रात्री माझ्या पानात कुणी तुकडा ठेवला नाही, आणि मी ताकभात चार घास खाऊन उठले.

३

सोनूबाईंनी करंडा ताब्यात घेतला, वास घेऊन पाहिला, कपाटात ठेवून कुलूप लावलं.

प्रश्न फक्त फोडांचा नव्हता. जूनपासून शाळेत एकच जागा कायम होणार होती. त्यासाठी मंगळवारी संस्थेची मंडळी येऊन सगुणा आणि राही या दोघींना भेटणार होती. माझी जागा आधीच कायम होती. सगुणा असल्या तोंडाने मंगळवारी कुणापुढे बसणार नव्हती. राही बसली असती.

सोनूबाईंनी ती बेरीज केली. "राही," त्या म्हणाल्या, "मी आरोप करत नाही. पण मंडळी आली की मला सगळं सांगावं लागेल. त्यापेक्षा तू उद्या सकाळच्या मोटारीने घरी जा. तब्येतीचं कारण लिहून दे."

"म्हणजे जागा सोडून द्यायची?"

"मी तसं म्हटलं नाही."

"तसंच म्हटलंत बाई," राही म्हणाली. जयगडला तिची आई एकटी होती. वडील गलबतावर तांडेल होते, ते दोन वर्षांपूर्वी गेले ते परतलेच नाहीत. या नोकरीखेरीज त्या घराला आधार नव्हता, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं.

सगुणा खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली होती. राही दारात जाऊन म्हणाली, "सगुणा, तुला काय वाटतं?"

सगुणा म्हणाली, "मला काहीच वाटत नाही. मला आग होतेय."

राही तिथून निघाली आणि ट्रंक ओढून कपडे भरू लागली. मी दिवाणखान्यात उभी होते. मला वाईट वाटायला हवं होतं. पण मी मनात मोजत होते की उद्यापासून खोलीत पुन्हा आम्ही दोघीच.

तेवढ्यात सोनूबाई म्हणाल्या, "सावित्री, गंगुबाईंना जाऊन सांग, दुपारचं जेवण नको म्हणून."

४

गंगुबाई उसळीला फोडणी देण्याच्या तयारीत होत्या. पन्नाशीच्या, काळ्यासावळ्या, अंगाने बारीक. नवरा गेल्यावर त्यांनी एकटीने खाणावळ चालवली होती. कोण जेवून गेलं आणि कोण नुसतं बसून गेलं, हे त्या पानावरून सांगत.

मी सगळं सांगितलं. करंडा, फोड, सोनूबाई, उद्याची मोटार. त्यांनी ऐकलं आणि चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

"फोड कुठे आलेत?"

"गालांवर."

"कपाळावर?"

"कपाळावर नाहीत."

"तुळसे," त्यांनी हाक मारली. तुळसा पुढे आली. तिच्या कपाळावर कालचं कुंकू होतं तसं ठसठशीत. गंगुबाईंनी तिचं कपाळ बोटाने चाचपलं. "आग होताय?"

"नाय गो. कशाची?"

गंगुबाईंनी हात पुसले. "चल. मी येतंय."

"तुम्ही कशाला?"

"उसळ झाकून ठेवलीय. ती खाणार कोण ते बघायला नको?"

निघताना त्यांनी पातेल्यातले दोन काजूगर पळीवर घेतले, उन्हात धरून पाहिले आणि पुन्हा आत टाकले.  

५

गंगुबाई घरात आल्या आणि थेट सगुणाच्या खाटेवर बसल्या. तिचं तोंड उजेडाकडे वळवलं.

"दुखतं तिथे हात लावत नाय. नुसतं बघतंय." खूप वेळ त्या पाहत राहिल्या. मग त्यांनी आपला हात सगुणाच्या गालाजवळ, पण न टेकवता, पंजा पसरून धरला. "सोनूबाई, हिकडे या. काय दिसतं?"

सोनूबाई वाकल्या. "फोड."

"ओळीने आहेत. एक, दोन, तीन, चार. त्या बाजूलाही चार. वरून खाली." त्यांनी हात मागे घेतला. "कुंकू कपाळाला लावलंन. घामाने ओघळलं असतं तर नाकावर आलं असतं. दोन गालांवर चार चार वाटांनी कसं जाईल?"

"मग काय?"

"ते मलाही अजून ठाऊक नाय."

मग त्या राहीकडे गेल्या. राही ट्रंकेला दोरी बांधत होती.

"काय गो, निघालीस?"

"घालवतायत म्हटल्यावर काय करू गंगुबाई?"

"हात दाखव."

राहीने दोन्ही हात पुढे केले. ज्या बोटाने कुंकू लावलं होतं ते त्यांनी उलटसुलट पाहिलं. स्वच्छ होतं.

"आज सकाळी हॉटेलात काय खाल्लंत? सगळं सांग. माझ्याकडे नाय खाल्लंत, म्हणून विचारतंय."

राहीला हसू आलं. "शिरा, भजी, लसणीची चटणी. सगुणाने दोनदा शिरा घेतला. मी चटणी जास्त खाल्ली. सावित्रीताईंनी हरिश्चंद्रकडे चमचा मागितला, शिरा आणि भजीसुद्धा चमच्याने खाल्ली. मी म्हटलं, साहेबाची बायको झालात काय. चटणीला हात लावला नाही. चहा बशीत ओतून पार गार करून प्याल्या. आणि केस बघा ना त्यांचे, कानांवरून घेतलेत, मासिकातल्या चित्रासारखे. काल नव्हते. मी म्हटलं, वाढदिवस कुणाचा आहे."

मी दारात उभी होते. गंगुबाईंनी वळून माझ्याकडे पाहिलं नाही. त्या सोनूबाईंना म्हणाल्या, "संध्याकाळी सगळ्यांनी जेवायला या. सगुणेलाही आणा, मागच्या खोलीत पडदा लावते. तोपर्यंत हिची ट्रंक दाराबाहेर जाऊ देऊ नका. एवढं माझं ऐका."

सोनूबाई थोड्या घुटमळल्या. "संध्याकाळपर्यंत."

"आणि सावित्रीला मी घेऊन जातंय. मला हाताखाली माणूस हवं."

६

खाणावळीच्या परसात माडाखाली गंगुबाईंनी पाट टाकला. तुळसाला त्यांनी विहिरीवर पाठवलं. मला पुढ्यात बसवलं, खोबरेल तेलाची वाटी घेतली.

"ये, तुझी वेणी घालते."

"नको गंगुबाई. आहे ते बरं आहे."

"आहे ते बरं नाय," त्या म्हणाल्या आणि कानांवरचे केस हलक्या हाताने उचलले.

माझ्या दोन्ही कानशिलांवर तसेच फोड होते. लहान, चार चार.

त्यांनी वाटी जवळ ओढली. बोटाने तेल लावत राहिल्या. मग बोलू लागल्या ते जणू चुलीशी बोलावं तसं.

"काल औक्षणाला मी भिंतीला होते. विधवा बाई पुढे यायची नाय, तिला काम एकच, बघणं. तुळसेने ओवाळलंन, हात तबकाला. राहीने एक बोट लावलंन, तेही कपाळाला. सगुणेच्या गालांवरून दोन्ही हात फिरवलेस ते तू. वरून खाली. आणि मग आपल्या कानशिलांवर बोटं मोडलीस. कडाकडा वाजली, मी ऐकली. हिच्या गालांवर चार, तुझ्या कानशिलांवर चार."

मी हात पदराखाली घेतले.

"आता हाताला काय होतं? पालीची ती बाई चाळीस वर्षं काजू सोलते. तिचे गर दोन फाकांत सरळ सुटतात. तू आणलेस ते तुटलेले, टोकं कापलेली, कडेला काळे डाग. सोललेले तुला मिळाले नाहीत. अख्ख्या बिया घेतल्यास आणि कुठेतरी बसून सोलल्यास. हाताला तेल नि राख न लावता."

"मला ठाऊक नव्हतं," मी म्हणाले. "शाळेच्या रिकाम्या वर्गात बसले होते. हात दोनदा धुतले."

"ओल्या काजूच्या सालीत चीक असतो. तो पाण्याने जात नाय. आमच्याकडे पोर चालायला लागली की तिला सांगतात. तुमच्या साताऱ्यात काजू नाय, तुला कोण सांगणार." त्यांनी माझे हात हातात घेतले. बोटांच्या बाजूची कातडी सुटायला लागली होती. "ओठही चुरचुरतायत ना? म्हणून चमचा. म्हणून गार चहा."

मी मान हलवली.

"ह्याच्यात पाप नाय," गंगुबाई म्हणाल्या. "अजाणतेपणी झालं. पण सकाळी उठलीस तेव्हा कानशिलं पाहिलीस ना? आणि तिचे गालही पाहिलेस. काजूचं कळलं नसेल, पण दोघींचं एकच आहे हे कळलं. तेव्हा केस खाली ओढलेस, आणि नंतर कुंकवाचं नाव घेतलंस. ते मात्र अजाणतेपणी नाय."

विहिरीवर रहाट वाजत होता. मी रडले. गंगुबाईंनी मला रडू दिलं आणि वेणी घातली, घट्ट, मागे ओढून, कान पूर्ण उघडे.

"कशासाठी गो?" त्यांनी शेवटी विचारलं.

"ती माझी मैत्रीण होती," मी म्हणाले.

"अजून आहे की."

"पूर्वीसारखी नाही."

गंगुबाई उठल्या, वाटी उचलली. "मी कुणाला काही सांगणार नाय. सगळ्या पानावर बसतील. उसळ वाढीन. पहिला घास घेण्याआधी तू बोल. नाय बोललीस तर उद्या ती मोटारीत बसेल, आणि मी तुला पुन्हा कधी वाढणार नाय."

७

संध्याकाळी सोनूबाई आल्या, त्यांच्यामागे पदरात तोंड लपवून सगुणा, आणि शेवटी राही. तिने ट्रंकेची दोरी सोडली नव्हती. पानं मांडली होती. सगुणाच्या शेजारच्या पाटावर मी तीन वर्षं बसत आले होते. मी समोर बसले.

तुळसाने भात वाढला. गंगुबाईंनी उसळीची पळी एकेकीच्या पानात रिकामी केली. ओलं खोबरं, काजूगर, वरून कोथिंबीर. सगुणाच्या सुजलेल्या चेहऱ्यावर पहिल्यांदा थोडं हसू आलं. तिने हात पुढे केला.

मला वाटलं होतं की खूप वेळ आहे. वेळ नव्हताच.

"थांब," मी म्हणाले. "कुंकवात काही नव्हतं. माझ्या हातांना काजूचा चीक होता. हे गर मीच सोलले. अलाबला घेतली त्यातून तुला लागलं." मी मान वळवून दोन्ही कानशिलं दाखवली. "आणि ही मी सकाळीच पाहिली होती."

सोनूबाई हातातला घास तसाच धरून राहिल्या. मग त्यांनी कनवटीची किल्ली काढून राहीपुढे ठेवली. "तुझा करंडा कपाटात आहे. मी चुकले." एवढी मोठी बाई, पण त्यांनी दुसरा शब्द जोडला नाही, आणि मला तेव्हा त्यांचाही हेवा वाटला.

 सगुणाने माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांखालची सूज इतकी होती की राग आहे की दुःख हे समजेना.

"चीक लागला ते जाऊ दे," ती म्हणाली. "ते तू माझ्यासाठी करत होतीस. पण सकाळी हरिश्चंद्रकडे तू हिच्या समोर बसून शिरा खाल्लास, सावित्री. केस ओढून. आणि घरी येऊन हिचं नाव घेतलंस."

मी हात मांडीवर घेतले. 

कुणी जेवेना. उसळ निवत होती. गंगुबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या, कालच्याच जागी. शेवटी राही उठली. मला वाटलं, निघून जाते आहे. ती स्वयंपाकघरात गेली, आतून भांड्यांची खुडबुड ऐकू आली, आणि ती परत आली तेव्हा तिच्या हातात पितळी चमचा होता. तो तिने माझ्या पानाच्या कडेला ठेवला.

"उसळीत मिरची आहे," ती म्हणाली. "बोटांना झोंबेल, साहेबीणबाई."

सगुणा हसली. गाल दुखले म्हणून लगेच थांबली, आणि राहीच्या खांद्याला टेकली.

मी चमच्याने जेवले. उसळ फार चांगली झाली होती. मंगळवारी सगुणा मंडळींपुढे गेली नाही. मंडळींनी भेट पुढच्या महिन्यावर ढकलून दोघींनाही बोलावलं, आणि जागा राहीला मिळाली. सगुणा तेव्हाही खरोखर खूश झाली. ती हंगामीच राहिली, आणि त्यानंतर आम्ही तिघी आणखी सहा वर्षं त्या घरात राहिलो. दर चैत्रात गंगुबाईंकडे उसळ व्हायची आणि काजू सोलायला मला बसवायचे, हाताला तेल नि राख लावून. गर आता दोन फाकांत सरळ सुटायचे.

पुढे लेकी झाल्या, नाती झाल्या. त्यांच्या वाढदिवसाला मी ओवाळते, कुंकू लावते. अलाबला मात्र घेत नाही. नाती विचारतात, तर सांगते की हात दुखतात. पितळी चमचा अजून माझ्याकडे आहे. गंगुबाई गेल्यावर तुळसाने तो राहीला दिला, आणि राहीने मला पाठवला, मुंबईहून, टपालाने. सोबत चिठ्ठी नव्हती. पाठवणारी म्हणून नाव राहीचं होतं, पण पुडक्यावरचं अक्षर सगुणाचं होतं.

तेव्हा मला कळलं की त्या दोघी अजून शेजारी शेजारी राहत होत्या. आणि एवढ्या वर्षांनी, एवढ्या वयातही, कानशिलांवर पुन्हा ती जुनी आग झाली.